मी जट नव्हते

मी बोलतेय, आणि आज मला कुणी मधे थांबवायचं नाही. मी केसांत लावायची दोऱ्याची बट. मुली मला हेअररॅप म्हणतात. चांगली वीतभर लांब होते, आता माझे दोन तुकडे झालेत. राग मात्र अख्खा आहे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

दिल्लीत, सरोजिनी नगरच्या एका सरकारी क्वार्टरमध्ये माझा जन्म झाला. अनुष्का अकरावीत आहे. तिने मार्केटातून भरतकामाच्या दोऱ्याच्या चार लड्या आणल्या: निळी, शेंदरी, हिरवी, जांभळी. दोरे दुमडून टिकटॅक पिनेच्या भोकातून ओवले, पिन कपाटाच्या हँडलला अडकवली आणि बसली. एका रंगाचा दोरा बाकीच्यांभोवती गुंडाळायचा, गाठ वर सरकवून घट्ट ओढायची, की पुन्हा गुंडाळायचा. रंग बदलायचा असला की जुना आत घ्यायचा, नवा बाहेर काढायचा. आधीच्या तीन बटा सैल पडून उसवल्या, त्या तिने "शिट यार!" म्हणत भिरकावून दिल्या. मी चौथी. माझ्यापायी तिच्या बोटांवर दोऱ्याचे वळ उठले, पण पोरीने एक गाठ ढिली ठेवली नाही.

तुम्ही म्हणाल, नटायची हौस. हौस कसली डोंबलाची! तिच्या उजव्या कानामागे चाई पडली होती. दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेवरचे सगळे केस गळून नुसती गुळगुळीत चकती राहिली होती. तिने घरी सांगितलं नव्हतं, मैत्रिणींना तर नाहीच नाही. वर्गात एका मुलीचे केस विरळ झाले, तर पोरांनी तिला 'गंजी, गंजी', म्हणजे टकली, असं म्हणून रडवलं होतं, ते हिने पाहिलं होतं. म्हणून वरच्या केसांचा एक पेड ती त्या चकतीवर आणायची, माझी पिन मुळाशी दाबायची आणि मला पेडाभोवती वेटोळून खाली सोडायची. शाळेत रंगीत काही चालत नाही, तिथे तोच पेड काळ्या पिनेने दाबायची. झोपताना मला टिक करून काढायची आणि डबीत ठेवायची.

वरच्या मजल्यावर अलकाकाकू राहतात. मूळच्या साताऱ्याच्या, काकांच्या नोकरीमुळे इकडे आलेल्या. बाई मनाने वाईट नाहीत, हे मी एवढ्या रागातही सांगते. तरुणपणी त्या गावोगाव फिरून बायकांच्या जटा काढायच्या. केस गुंतून, चिकटून दोरखंडासारखे घट्ट होतात, तीच जट. लोक म्हणतात ही देवीची, कापली तर कोप होईल. मग ती बाई जन्मभर मान दुखेपर्यंत ते ओझं वागवते. काकूंनी अशा कितीतरी जणींना मोकळं केलं. मोठंच काम! पण त्या कामाची त्यांच्या डोळ्यांना अशी सवय लागली की जिथे तिथे जटच दिसायची.

गेल्या महिन्यात एका सोमवारी अनुष्काला ताप भरला. तिच्या आईने, नीलाने, ऑफिसला निघताना काकूंकडे किल्ली दिली. "अलकाताई, जरा बघाल का हिच्याकडे? गोळी दिलीय, झोपेल ती."

ताप एवढा होता की मला काढायचंही पोरीला भान राहिलं नाही. दुपारी काकू आल्या, पांघरूण सारखं करायला वाकल्या आणि त्यांना मी दिसले. त्यांनी मला चाचपून बघितलं. घट्ट, टणक, आत केस वेटोळलेले.

"अगं बाई! हिला जट झालीय, आणि वरून दोरे गुंडाळून लपवतेय. दिल्लीत राहून ही अंधश्रद्धा!"

अहो काकू, पिन दाबा! एक टिचकी, की मी सुटून तुमच्या हातात येते! पण आम्हा वस्तूंचं ऐकतो कोण? बरं, तिला तरी उठवायचं! ते नाही. उचलली कात्री आणि लावली मुळाला. कात्री कसली, दुधाच्या पिशव्या कापायची. बोथट! चार वेळा चावली, तेव्हा मी केसांसकट तुटले.

अनुष्का दचकून उठली. हात कानामागे गेला तो थेट चकतीवर पडला. झाकणारा पेडच नव्हता.

"सुटलीस हो बाळा," काकू म्हणाल्या. मग त्यांनी नीट पाहिलं. "अगं, आणि ही चाई कधी पडली?"

सुटलीस म्हणे! मला तळपाय नाहीत, नाहीतर तिथली आग मस्तकात गेली असती. संध्याकाळपर्यंत बिल्डिंगमधल्या तीन बायका कांद्याचा रस आणि जास्वंदीचं तेल घेऊन दारात हजर. चार महिने जिवापाड जपलेली गोष्ट चार तासांत जिनाभर झाली. अनुष्का बाथरूममध्ये कडी लावून रडत होती.

आठ दिवस ती शाळेत गेली नाही. नीलाने डॉक्टर गाठला, मलम आणलं, सगळं केलं. पण वर म्हणाली, "त्या चांगल्यासाठीच करायला गेल्या गं. मोठ्या आहेत, सोडून दे."

चांगल्यासाठी! या एका शब्दाखाली तुम्ही माणसं काय काय खपवता!

आठव्या दिवशी अनुष्काने माझे दोन्ही तुकडे मुठीत घेतले आणि जिना चढून वर गेली. काकूंच्या टेबलामागे भिंतीवर एक फोटो आहे. केस कापलेल्या बायका हसतायत आणि मधे तरुण काकू.

"काकू, ह्यांच्या जटा कशा कापल्यात? ह्या झोपल्या असताना?"

"काहीतरीच काय! महिना महिना त्यांच्या घरी जाऊन बोलत बसायचो आम्ही. बाई स्वतःहून हो म्हणेपर्यंत कात्रीला हात लावायचा नाही, हा नियमच होता. एकीसाठी तर मी दीड वर्ष..." काकूंची नजर तिच्या मुठीकडे गेली.

अनुष्काने पिनेचा तुकडा त्यांच्यासमोर धरला आणि टिक करून उघडून दाखवला.

"ही अशी निघते. मला दीड वर्ष नको होतं, काकू. एक मिनिट पुरलं असतं."

तिने मला टेबलावर ठेवलं आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतून पाहिलं. पाठीला दप्तर, केस मागे घट्ट बांधलेले आणि चकती उघडी. मान ताठ होती, पण बसस्टॉपवर पोहोचेपर्यंत तिचा हात दोनदा कानामागे गेला.

मी अजून त्या टेबलावरच आहे. काकूंनी मला फेकलं नाही, हातही लावला नाही. येता जाता बघतात आणि मान वळवतात. माफी मागायला जावं असं त्यांना वाटतंय, मला कळतं ते. काल काकांना म्हणाल्या, "जाईन हो, पण गुडघे फार दुखतायत."

कात्री चालवायला आलात तेव्हा बरे नव्हते दुखत! उठा, काकू. एकच मजला उतरायचाय.