चपलांचं गाणं: पहिलं रेकॉर्डिंग

आमच्या ह्यांची गाणी जगाला फार गोड लागतात. चार दिवस घरात राहून बघा म्हणावं, मग बोला. पण ते असो.

गाण्यांच्या कंपनीतल्या एक बाई गेलं वर्षभर हात धुऊन मागे लागल्या होत्या. नाव होण्याआधी हे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून साध्या टेपरेकॉर्डरवर गायचे, बोटांनी टेबलावर ठेका धरायचे. त्या जुन्या कॅसेटी बाईंना बाजारात आणायच्या होत्या. त्यातही चपलांचं गाणं आधी. दारात छोट्या चपला आहेत आणि त्या घालणारी पावलं नाहीत, एवढंच आहे त्या गाण्यात. न्हाव्याच्या दुकानात लागो की दवाखान्यात, ऐकणारे डोळे पुसतात. मी उठून जाते. त्या चपला माझ्या ठमीच्या होत्या.

ठमी आमची मुलगी, एकुलती एक. खरं नाव वेगळं होतं, पण गालच असे की सगळे ठमीच म्हणायचे. सहा वर्षांची होऊन तापाने गेली. तिचे फोटो आहेत चार-पाच, पण आवाज नाही. आणि आवाज जातो हो! चेहरा राहतो, आवाज जातो. अलीकडे ती आठवली की माझ्याच आवाजात बोलायची. आई म्हणून ह्याच्याइतकं वाईट मला कशाचंच वाटत नव्हतं.

पण तिचा आवाज टेप केलेला होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. आजारी पडायच्या थोडंच आधी ह्यांनी तिला मांडीवर घेऊन पाढे म्हणायला लावले होते. मी बाजारातून आले तर दोघं मशीनसमोर खिदळत बसलेले. कॅसेटवर नाव मीच घातलं, ‘ठमी, पाढे’. नंतर कधीही विचारलं की हे म्हणायचे, हरवली. बाईंनाही तेच, कशाला उकरता जुनं? एरवी तोंडाचा पट्टा चालू, आणि ह्या विषयावर मूग गिळून गप्प.

शेवटी हे केस कापायला गेले असताना मी स्टुलावर चढले, कपाटावरचं खोकं उतरवलं आणि थेट स्टुडिओ गाठला. बाईंना म्हटलं, गाणी तुमची तुम्हाला लखलाभ, पाढे निघाले तर ते माझे.

स्टुडिओची खोली बिनखिडक्यांची होती, भिंतींना स्पंज लावलेला. रेकॉर्डिस्ट टकला, मितभाषी माणूस. प्रत्येक कॅसेट उघडायचा, चिमट्याने आतलं साफ करायचा, मग लावायचा. गाणी निघाली, खोकला निघाला, मध्येच शेजाऱ्यांच्या कुत्र्याला ह्यांनी घातलेल्या शिव्या निघाल्या. बाई हसल्या, मीही हसले. आणि खोक्याच्या तळाशी माझं अक्षर दिसलं.

“ही लावा, ही आधी लावा,” मी म्हटलं.

त्याने लावली. टेबलावर बोटं वाजली आणि चपलांचं गाणं सुरू झालं.

“अहो, चुकीची लावलीत तुम्ही.”

त्याने कॅसेट काढून मला दाखवली. अक्षर माझंच होतं. दुसरी बाजू लावायला लावली, ती कोरी होती. परत पहिली लावली. तरुणपणीचा ह्यांचा आवाज, जागोजागी फुटलेला. बाईंनी तोंडावर हात धरला होता. त्यांना गाणं ऐकू येत होतं. रेकॉर्डचं बटण दाबलं की खालचं पुसलं जातं, एवढं मलाही कळतं. माझ्या पोरीचा आवाज पुसून हा माणूस तिच्यावरच गाणं म्हणत होता. असा संताप आला म्हणून सांगू!

गाणं संपलं, खट् असा आवाज झाला. रेकॉर्डिस्टने बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात आतून कोणीतरी बोललं.

“आईला नाही हं सांगायचं, बाबा!”

मग हसू, आणि मग काहीच नाही. गाणं पाढ्यांपेक्षा जरासं आखूड पडलं होतं, म्हणून शेपटाकडचं तेवढं वाचलं.

आवाज घोगरा होता. मी इतकी वर्षं तो किनरा, बारीक होता असं समजून बसले होते. घोगरा होता माझ्या ठमीचा आवाज.

“हे शेवटी असंच ठेवू या,” बाई डोळे पुसत म्हणाल्या. “लोकांच्या काळजाला हात घालेल.”

“लोकांना रडायला अख्खं गाणं दिलंय ना? ते पुरे. हे कापून मला द्या.”

रेकॉर्डिस्टने मान डोलावली आणि बाईंकडे न बघता कामाला लागला.

घरी आले तर हे टेबलाशी बसलेले. कपाटावरची रिकामी जागा त्यांना दिसली होती.

“ऐकलीस?”

“एवढ्या घरात दुसरी कॅसेट मिळाली नाही तुम्हाला?”

“मशीनमध्येच होती ती. मी बघितलंच नाही गं. ती जाऊन आठवडाही झाला नव्हता. गाणं आलं, बटण दाबलं. संपल्यावर तिचा आवाज आला तेव्हा कळलं.” ते टेबलाकडे बघून बोलत होते. “‘आईला’ एवढंच ऐकलं आणि बंद केलं. परत लावायची छातीच झाली नाही. तुला कुठल्या तोंडाने सांगणार होतो?”

मग हेच हळूच म्हणाले, “पुढे काय म्हणते ती?”

सांगायचं नाही असं वाटेत शंभरदा ठरवलं होतं. पण राहवलं नाही. “आईला नाही हं सांगायचं, असं म्हणते. तेवढं मात्र बरं पाळलंत!”

ते रडले. त्यांना रडताना मी ती गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने मीच खुर्ची ओढून समोर बसले.

“काय नव्हतं सांगायचं मला?”

“म्हणजे?”

“काय केलं होतं तिने? तुम्ही होतात ना तिथे.”

ते विचार करायला लागले. “साखर खाल्ली असेल डब्यातली.”

“ती रोजच खायची. मला माहीत होतं.”

“तुझी काचेची बरणी फुटली होती बघ...”

“ती तुम्ही फोडलीत.”

“मग पडद्याला कात्री...” पुढचं ओठांवर येईना. “नाही आठवत गं.”

“असं कसं? हसतेय ती. काहीतरी मोठा उद्योग केला असणार.”

“खरंच नाही आठवत.”

मी त्यांचे दोन्ही हात धरले. “हे कॅसेटमध्ये नाहीये हो,” मी म्हटलं. “फक्त तुमच्याकडे आहे. आठवा ना. आठवा.”