सदूबुवाची नागधामण

रविवारी सकाळी नऊ वाजता कातळवाडीच्या सड्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. खाली मालगुंडपासून माणसं टेम्पो करून आली होती. पत्र्याच्या मांडवात सदूबुवा बसला होता आणि त्याच्यासमोर टोपलीत ती सुप्रसिद्ध नागधामण. पिवळसर अंग, शेपटीकडे धामणीचे काळे पट्टे, ओठांवर धामणीच्या काळ्या रेघा. बुवाने डिवचलं की मात्र नागाचा फणा!

"बाप नाग, आय धामण!" बुवा गरजला. "सात पिढ्यांतून एकदा असं जनावर जन्मतं! बापाचं विष, आयचं अमृत! जनावर चावून पान लागलेल्या माणसाच्या जखमेला ह्याचं तोंड लागलं, की विष उलट्या पावली माघारी!"

माणसं हात जोडून उभी होती. मी दात आवळून उभा होतो. मी इथल्या ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर. सहा दिवसांपूर्वी ह्याच वाडीतल्या गंगाच्या मृत्यूचा दाखला मी लिहिला होता.

सकाळी काजू वेचताना गंगाने पाल्यात हात घातला आणि फुरसं चावलं. रुग्णालय रिक्षाने अर्ध्या तासावर. पण तिचा नवरा खंडू तिला ह्या मांडवात घेऊन आला. बुवाने सापाचं तोंड तिच्या बोटाला टेकवलं, "उतरलं" म्हणाला आणि घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा आमच्याकडे आणली. काचेच्या नळीत तिचं रक्त वीस मिनिटं ठेवलं. गोठलंच नाही. लस दिली, पण मेंदूत रक्तस्राव आधीच झाला होता. चौतीस वर्षांची होती. आणि खंडू मला म्हणाला, "बुवानं उतरवलं व्हतं डॉक्टर. तुमच्या सुईनं बिघडलं."

त्या दिवशी मला खंडूचाही राग आला होता. खोटं कशाला बोलू?

मी मृणालीताईंना फोन केला. त्या रत्नागिरीला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. रविवारी त्या वनरक्षक संदेशला घेऊनच आल्या. संदेशने आधी बुवाला कायदा ऐकवला. नाग पाळणं हा गुन्हा आहे.

"नाग नाय तो, नागधामण!" बुवा म्हणाला. "तुमच्या कायद्यात हिचं नाव दाखवा!"

"मग आधी ते ठरवू," मृणालीताई म्हणाल्या.

"हात लावाल तर रक्त ओकून मराल!"

"बघू या."

ताईंनी सापाचं डोकं पारदर्शक नळीत सरकवलं, भिंग धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागल्या. "संकर असेल तर दोघांच्याही खुणा दिसायला हव्यात. धामणीच्या नाकपुडीमागच्या आणि डोळ्यापुढच्या खवल्यांच्या मधे आणखी बारीक खवले असतात. नागाला ते नसतात. इथे एकही नाही. हा शंभर टक्के नाग आहे. आणि मुळात नाग आणि धामण ही दोन वेगळी कुळं. त्यांना पिल्लं होतच नाहीत."

"मग ते पट्टे?" कुणीतरी ओरडलं.

मी स्पिरिटचा बोळा पुढे केला. ताईंनी तो शेपटीवरून अलगद फिरवला. बोळा काळा झाला आणि पट्टा गेला. दुसरा फिरवला, दुसरा पट्टा गेला.

"मार्कर आहे," ताई म्हणाल्या. "आणि हे बघा." सापाचा जबडा तंगुसाने शिवलेला होता. मासे पकडायचा तो नायलॉनचा दोरा. मधे जीभ बाहेर येण्यापुरती फट. डोकं नळीबाहेर घेऊन ताईंनी कात्रीने टाके कापले तेव्हा घाण वास सुटला. विषाचे दात उपटलेले, हिरड्या सडलेल्या. हे सडलेलं तोंड बुवा लोकांच्या जखमांना लावत होता!

काशीकाकी पुढे आली. "माज्या पोराला पान लागला व्हता. ह्यानंच वाचवलान."

"जनावर पाहिलंत का काकी?" ताईंनी विचारलं.

"व्हय तर. व्हाळाच्या पाण्यातला, अंगावर बुद्दीबळाच्या पटासारखे ठिपके."

"दिवड. त्याला विष नसतंच. बुवाने हात लावला नसता तरी पोर बरं झालं असतं. ज्यांना विष चढलंच नव्हतं ते सगळे बुवाने वाचवले. ज्यांना चढलं होतं ते?"

खंडू गर्दीतून माझ्यापर्यंत आला.

"डॉक्टर, त्याच सकाळी तुमच्याकडं आणली असती तर?"

सावरून घेणारं उत्तर ओठांवर आलं होतं. दिलं नाही. "शंभर टक्के कोणी सांगू शकत नाही, खंडू. पण इतक्या लवकर आलेली फुरशाची माणसं बहुतेक चालत घरी जातात."

खंडू थेट बुवासमोर गेला. संदेश मधे पडला, पण खंडूने हात उचललाच नाही. "ती दोनदा म्हणाली, दवाखान्यात चला," तो म्हणाला. "तूच म्हणालास, सुई टोचलीत तर विष भडकंल. मी तुझं ऐकलं. तिचं नाय ऐकलं." संदेशने बुवाला आणि सापाला गाडीत घेतलं, तेव्हा पोलिसांत तक्रार द्यायला खंडू स्वतःही गाडीत बसला.

माणसं मान खाली घालून पांगायला लागली. मी त्यांना थांबवलं. मला ओरडावंसं वाटत होतं आणि मी ओरडलोच.

"पान लागलं तर जखम कापू नका, बांधू नका, चोखू नका. चावलेला हात-पाय हलवू नका. मिळेल ती पहिली गाडी पकडा आणि दवाखान्यात या. लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. आणि चमत्कार दाखवणाऱ्याला एकच सांगा: डॉक्टरांसमोर करून दाखव. तो टाळाटाळ करायला लागला, की एक क्षणही त्याच्या दारात थांबू नका!"