चौथ्या कुस्तीतली सूट

सौंसरहून पांढुर्ण्याला जाणाऱ्या बसमध्ये तृप्तीने मांडीवरची बॅग दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. आत लॅपटॉप होता, आणि त्यात दोन वर्षं खपून बनवलेला मोबाईलवरचा कुस्तीचा गेम. संध्याकाळी पाचच्या आत तो कंपनीला पाठवायचा होता.

घोळ केला होता तो शेवटच्या फेरीतल्या पहिलवानाने. गेममध्ये तिचं नाव नुसतं 'बाई'. चाळीस जणांना गेम खेळायला दिला, तर एकतीस जणांनी बाईपाशी येऊन तो फोनमधून काढूनच टाकला. तृप्तीसोबत हे काम करणारा हेमंत नागपूरला असायचा. त्याने तोड काढली : खेळणारा तीनदा हरला की चौथ्या कुस्तीत बाई गुपचूप ढिली पडेल. तृप्तीने कालच तसं करून टाकलं होतं.

पण बाईचे सारे डाव प्रेमलता मॅडमचे होते. शाळेत मुलींना कुस्ती शिकवून निवृत्त झालेल्या मॅडमने मैदानात एकेक डाव करून दाखवला होता, तृप्तीने तो कॅमेऱ्यात टिपला होता. मॅडमची अट एकच होती, "बाहेर जाच्या आंधी मले दाखवजो."

पांढुर्ण्याला घराच्या ओसरीत बसून मॅडमने चष्मा चढवला आणि गेम सुरू केला. पहिली कुस्ती हरल्या. दुसरी हरल्या. तिसरीत तर उभंही राहता आलं नाही. चौथीत मॅडमने बाईला अलगद चीत केलं.

"जिंकल्या न मॅडम!" स्वतःचाच आवाज तृप्तीला खोटा वाटला.

मॅडमने फोन खाली ठेवला. "इनं सोडलं मले."

"नाही मॅडम, तुमचा हात बसला आता."

"तृप्ती." हा शाळेतला आवाज होता. "आत्तापर्यंत माही मान सोडत नव्हती, अन् एकदम मेणाची झाली? काय केलं तू?"

तृप्तीने सगळं सांगितलं. माहे डाव काढून टाक, असं मॅडम आता म्हणाल्या तर दोन वर्षं पाण्यात.

"कठीण ठेवलं तं कोणीच टिकत नाही, मॅडम. पळून जातात."

"कठीण हाय म्हून नाही पळाले. फसवलं म्हून पळाले. उभी राह्य समोर."

दोघी अंगणात उतरल्या. मॅडमचा पाय आला, पण त्याआधी उजवा खांदा जरासा खाली गेला. तृप्ती मागे सरकली. दुसऱ्यांदाही वाचली.

"कशी वाचली?"

"तुमचा खांदा..."

"तुह्या बाईचा खांदा हालतच नाही. ते मारते, मंग दिसते. असं हारल्यावर कोणाले वाटन का आपलं चुकलं?"

तृप्तीचा चेहरा उतरला. डाव झपाट्याचा दिसावा म्हणून खांद्याच्या हालचालीचा तो तुकडा तिनेच कापला होता.

अडीच वाजले होते. ती ओसरीतच फतकल मारून बसली आणि एकेक डाव उघडून कापलेला तुकडा परत जोडू लागली. तेवढ्यात हेमंतचा फोन. काय चाललंय ते ऐकून तो उखडला.

"आता बदलवून राहिली? डोकं ठिकाणावर हाय का तुह्यं?"

"चौथ्या कुस्तीतली ती सूटही काढली."

"अन् पुन्हा सारेच पळाले तं?"

"मले माहीत नाही, हेमंत."

एक डाव चुकून दोनदा जोडला गेला, तो पुन्हा काढावा लागला. पावणेपाचला तिने फोन मॅडमच्या हातात दिला. मॅडम हरल्या. "च्! माहंच चुकलं," म्हणत पुन्हा सुरू केलं, पुन्हा हरल्या, आणि मान वर न करता तिसऱ्यांदा बोट टेकवलं. पाचला चार मिनिटं कमी असताना तृप्तीने गेम पाठवला.

आठवड्याने हेमंतने आकडे कळवले. नव्या चाळीस जणांपैकी बाराच जणांनी बाईला हरवलं होतं. एकवीस जण अजून हरत होते आणि खेळत होते. कंपनी खूश होती.

"सात जण मात्र सोडून गेले," हेमंत म्हणाला.

"त्यांचे नंबर पाठव."

"कायले?"

"काय दिसलं नाही त्यांले, ते विचारतो," तृप्ती म्हणाली आणि तिने वही पुढे ओढली.