भारनियमनातला मधमाद

वैशाख. आकाश पांढरं, वारा पांढरा, दोरीवर वाळून कडक झालेली धोतरंसुद्धा डोळ्यांत खुपावीत इतकी पांढरी. बार्शीच्या त्या गल्लीवर दुपार पसरली होती. तप्त, तृषार्त, तेजोमय दुपार. लिंबाची पानं हलायचं विसरली होती आणि लिंबाखालची कुत्री भुंकायचं. ऊन कुणावर रागावलेलं नव्हतं, पण कुणाला सोडतही नव्हतं.

मग वीज गेली. रोजच जाते, या गावात भारनियमनाचं वेळापत्रक पंचांगापेक्षा अधिक मनोभावे पाळलं जातं. कोपऱ्यावरची पिठाची गिरणी दमून थांबली. घरोघरचे कूलर थांबले. समोरच्या घरात मालिकेतली सून अर्ध्या हुंदक्यावर गप्प झाली. आणि विहिरीच्या तळातून पाणी चढावं तशी शांतता वर आली. संथ, सखोल, सर्वस्पर्शी शांतता. गल्लीनं विजेच्या नावानं बोटं मोडली. एका घरात मात्र दोन म्हातारी माणसं याच घडीची वाट पाहत बसली होती.

त्र्यंबकराव जेऊरकरांनी जन्मभर रेडिओत ध्वनिमुद्रण केलं होतं. कुमुदिनीबाई, त्यांची पत्नी, जन्मभर जलतरंग वाजवत आल्या होत्या. आणि तरी, दिव्याखाली अंधार म्हणतात तसा, कुमुदिनीबाईंच्या जलतरंगाचा एक सूरही कुठे जपून ठेवलेला नव्हता. अजून बसलं नाही, एवढंच त्या म्हणायच्या. तिशीत म्हणाल्या, पन्नाशीत म्हणाल्या, साठी उलटली तरी म्हणाल्या. सोन्नलगीकर गुरुजींनी त्यांना मधमाद सारंग रागातली एक गत दिली होती. गुरुजी गेले, गुरुबंधू गेले, आणि ती गत आता फक्त कुमुदिनीबाईंच्या दोन हातांत उरली होती.

त्यातला डावा हात गेल्या दिवाळीपासून थरथरू लागला. चकलीचा सोऱ्या धरताना कळलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. ते नाव त्यांनी परतीच्या एस.टी.तच सोडून दिलं. काडी हातात आली की थांबतो तो, असं त्या नवऱ्याला म्हणाल्या आणि स्वतःही त्यावर विश्वास ठेवला. पण आता आपण होऊन म्हणाल्या, की ध्वनिमुद्रण करून टाकू. अट एकच होती. गुरुजींची गत पुढे जाईल तर धुतल्या तांदळासारखी निर्मळ जाईल, नाहीतर माझ्याबरोबर जाईल.

बॅटरीवर चालणारं यंत्र मांडून त्र्यंबकरावांनी मखमली पेटीतून दोन माईक काढले. काळे, कृश, बोटाएवढे. आतला पडदा शर्टाच्या बटणाएवढा, आणि त्यावर सोन्याचा इतका तलम मुलामा, की जवळ श्वास घ्यायलाही भ्यावं. प्याल्यांच्या अर्धवर्तुळावर दोन बाजूंनी, हातभर उंचीवर त्यांनी ते बसवले, तोंडं खाली वळवून. आजाऱ्याच्या खाटेवर दोन नातेवाईक वाकावेत तसे ते दिसत होते.

इतके लहान का, असं बाईंनी विचारलं. मोठ्या पडद्याला हलायला वेळ लागतो, त्यांनी समजावलं. काडी प्याल्यावर पडते तो पहिला, लखलखता, लवमात्र क्षण त्याच्या हातून निसटतो. या चिमुकल्याच्या हातून काही निसटत नाही.

"मोठा माईक पाहुण्यासारखा गोड बोलतो, कुमुद," ते म्हणाले. "हा घरच्यासारखा खरं बोलतो."

खरं बोलण्याचं या घराला वेडच होतं. खूप वर्षांपूर्वी रेडिओच्या स्टुडिओत पहिल्यांदाच चाचणी द्यायला आलेल्या एका मुलीला काचेपलीकडच्या तरुणानं मध्येच थांबवलं होतं. पंचम चढलाय, बाई, पाणी घाला. मुलगी संतापली. फणकाऱ्यानं तिनं चमचाभर पाणी घातलं, आणि पंचम मुकाट्यानं उतरून जागेवर बसला. ज्याच्या कानाला खोटं चालत नाही त्याच्याशीच संसार करावा, असं तिनं तिथंच ठरवलं. पुढे त्यानं तिच्या आमटीची खोटी स्तुती पुष्कळ केली. सुराची कधीच केली नाही.

खिडक्या लावल्या. उकाडा आत कोंडला गेला आणि दोघांच्या मधे येऊन बसला. बाईंच्या काचेच्या बांगड्या किणकिणत होत्या. त्या काढायचं दोघांच्याही जिवावर आलं. शेवटी त्र्यंबकरावांनी रुमालानं त्या कोपरापाशी घट्ट बांधून दिल्या. प्याल्यांतलं पाणी झळेनं नकळत उडत होतं, आणि पाणी उडालं की सूर चढतो. चमच्या-चमच्यानं पाणी घालत, काडीनं हळूच विचारत, बाई एकेका प्याल्याला जाग्यावर आणत होत्या. तबला नको म्हणाल्या. तबल्याच्या आडोशाला लपायचं नव्हतं त्यांना.

पहिल्या खेपेला गच्चीवर होला घुमला. पुढच्या खेपेला पाण्याचा टँकर आला, आणि त्यामागे घागरींची भांडणं. दर खेपेला पुन्हा पाणी, पुन्हा सूर, पुन्हा पहिल्यापासून. घाम मानेवरून पाठीवर उतरत होता. पाठ दुखत होती, डोळे चुरचुरत होते, आणि थकवा गुडघ्यांपासून वर चढत होता. आता पुरे, असं दोघांच्याही ओठांवर आलं होतं. दोघांनीही ते गिळलं.

आणि मग गत आली.

आली ती पायऱ्या उतरून नदीवर जाणाऱ्या बाईसारखी, सावकाश, भरल्या मनानं. षड्जातून ऋषभ, ऋषभातून मध्यम; जलात जल मिळावं तसा सुरात सूर. श्वेत प्याल्यांच्या शीतल कडांवर काड्या नाचल्या, आणि त्या कोंडलेल्या, कढलेल्या, कष्टी खोलीत कुठून तरी गारवा शिरला. मध्यम रेंगाळला. कोमल निषाद हळवा झाला. वरचा षड्ज थेंबासारखा लोंबला, चमकला, निसटला. कुमुदिनीबाई तिथं नव्हत्याच. होतं ते फक्त पाणी, आणि पाण्याला फुटलेला कंठ. शेवटचा सूर विझेपर्यंत दोघंही हलली नाहीत.

"काचेसारखं स्वच्छ," त्र्यंबकराव कानांवरचा हेडफोन उतरवत म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

हेडफोन बाईंनी लावला. सुरुवात ऐकताना त्यांना आपलीच ओळख पटेना. इतकं सुंदर आपण वाजवतो? मग गत वरच्या सप्तकात गेली, आणि तिथं, सर्वांत लहान प्याल्यांवर, डाव्या काडीच्या प्रत्येक आघातामागे आणखी एक आघात होता. बारीक. टिचकीएवढा. टिक. पुन्हा टिक. वाजवताना तो त्यांना ऐकू आला नव्हता. त्या दोन सत्यवचनी माईकांना आला होता. थरथर काडीपाशी थांबत नव्हती. ती आत शिरली होती, गुरुजींच्या गतीत.

त्यांना रडू आलं नाही. राग आला. एवढं ऐकूनही नवरा स्वच्छ म्हणाला? आजारी बायको म्हणून सुराचंही आमटीसारखंच झालं? वर टकटक येतेय, त्या तुटकपणे म्हणाल्या. कुठे, त्र्यंबकरावांनी विचारलं. त्यांनी हेडफोन घेतला, फीत मागे न्यावी तसं ध्वनिमुद्रण मागे नेलं, डोळे मिटले. मान हलवली. आवाज वाढवला. पुन्हा ऐकलं, कपाळाला आठ्या घालून, जीव कानांत आणून. इथं काही नाही गं, ते म्हणाले. आवाज आणखी वाढवला.

टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता खोलीत होती. त्या शांततेत, त्र्यंबकरावांच्या कानांवर घट्ट बसलेल्या हेडफोनच्या कडेतून निसटून, तो आवाज समोर बसलेल्या कुमुदिनीबाईंपर्यंत आला. टिक. टिक. बाहेर बाईंना ऐकू येत होता. आत, कानाला चिकटून वाजत असताना, त्यांच्या नवऱ्याला ऐकू येत नव्हता.

बाईंचा राग जागच्या जागी विझला, आणि त्याच्या जागी भीती आली. कधीपासून हे? कुकरची शिट्टी नवऱ्याला कळत होती, बोलणं कळत होतं, गिरणी कळत होती. गेले होते ते फक्त वरचे, तलम, तीक्ष्ण, तरल ध्वनी. एकेक करून, निरोप न घेता. गावातल्या चिमण्या फार कमी झाल्या, असं ते हल्ली वरचेवर म्हणायचे. समोरच्या लिंबावर रोज सकाळी चिमण्यांचा बाजार भरतो. बाईंना वाटायचं, म्हातारपणी माणूस उगीच हळवं बोलतो.

त्र्यंबकराव अजून शोधत होते. त्यांचं बोट पुन्हा पुन्हा बटण दाबत होतं, आणि चेहऱ्यावर एक शंका हळूहळू उमटत होती. परीक्षेत येणाराच प्रश्न अडलेल्या मुलाची असते तशी. त्या माणसाकडे दुसरं काय होतं? शेती नव्हती, नाव नव्हतं, मूलबाळ नव्हतं. जन्मभर लोक त्यांना विचारत आले, जेऊरकर, नीट आलंय ना? आणि ते हो म्हणाले की मोठमोठे बुवा निर्धास्त घरी जात. आणखी एकदाच टकटक येतेय म्हटलं असतं, तर ते सारं या खोलीत, या उकाड्यात संपलं असतं.

उद्या पुन्हा करता आलं असतं. भारनियमन रोजचंच आहे. पण हात उद्या आजच्यापेक्षा वाईट असेल, हे बाईंना आता कळलं होतं. आणि उद्याही त्र्यंबकरावांना काही ऐकू येणार नव्हतं.

"राहू द्या," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "उन्हानं माझ्याच कानात दडे बसलेत. स्वच्छ आहे. हीच ठेवा."

सुराबद्दल त्या घरात बोललेलं ते पहिलं खोटं.

त्र्यंबकरावांनी बटणावरचा हात काढला. त्यांनी बायकोकडे निरखून पाहिलं. मग उठले, हेडफोन त्यांनी जपून तिच्या डोक्यावर ठेवला, आणि तिचे पांढरे केस त्यात अडकू नयेत म्हणून बोटांनी मागे सारले.

"मग एकदा शेवटपर्यंत तू ऐक," ते म्हणाले. "तू मान हलवलीस की झालं. तुझ्या कानापुढे मला दुसरं प्रमाण नको."

ते समोर मांडी घालून बसले, अगदी जवळ, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहू लागले. ध्वनिमुद्रकाची नजर होती ती. एक पापणी लवली असती तरी त्यांना कळलं असतं.

गत सुरू झाली. षड्ज. ऋषभ. मध्यम. कुमुदिनीबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि डावा उजव्यानं दाबून धरला. गत वर चढली, आणि टिक, टिक, ते सुरू झालं. प्रत्येक सुरामागे पायात पाय घालणारं, प्रत्येक सुराचा पदर ओढणारं. उद्या कुणी शिकणारा येईल, आणि ती टकटकसुद्धा मन लावून उचलेल, सोन्नलगीकर गुरुजींची खास तऱ्हा म्हणून. गुरुजी मला क्षमा करणार नाहीत, त्यांना वाटलं. आणि लगेच वाटलं, न करोत.

त्या ऐकत राहिल्या. ते पाहत राहिले. टिक, आणि बाईंचे ओठ मिटलेले. टिक, आणि कपाळ निवांत. टिक, आणि डोळ्यांत फक्त मधमाद. थकलेला, थिजलेला, तरी तेवणारा मधमाद. शेवटचा षड्ज लांबला, क्षीण झाला, सरला. आणि कुमुदिनीबाईंनी मान हलवली. सावकाश, सरळ, एकदाच. इतकं नितळ त्यांनी जन्मात काही वाजवलं नव्हतं.