भिमाजीचा कान

भिमाजीचा कान पक्का, असं सबंध पिंपरी कॉलनीत बोललं जायचं. आणि ही बातमी पसरवली होती कुणी? खुद्द भिमाजीनं! औषधाच्या कारखान्यात तो बाटल्यांच्या गोदामावर होता. पण दर रविवारी दुपारी उद्धवराव साहेबांच्या बंगल्यावर त्याला साहेबांच्या शेजारची खुर्ची मिळायची, आणि ती खुर्ची त्याच्या डोक्यात गेली होती.

साहेब कारखान्यातले बडे रसायनतज्ज्ञ. जर्मनीत शिकून आले ते एक वेड घेऊनच आले. अडीचशे वर्षांपूर्वीची चर्चमधली समूहगीतं, बाख नावाच्या जर्मन संगीतकाराची आणि त्याच्या आगेमागच्यांची. तीस-चाळीस माणसं चार वेगवेगळ्या पट्ट्यांत एकदम गाताहेत आणि तरी कुणी कुणाच्या पायात येत नाही, असं ते गाणं. त्याच्या ग्रामोफोनच्या तबकड्या साहेब मुंबईहून, पुण्याच्या जुन्या बाजारातून, मिळतील तिथून जमवायचे. कॉलनीतलीही माणसं कुठून कुठून आणून द्यायची, साहेबांची मर्जी कुणाला नको असते? रविवारी साहेब या तबकड्यांचा निकाल लावायचे.

निकालाची रीत ठरलेली होती. कोण गातंय ते कळू नये म्हणून तबकडीच्या मधल्या नावावर कोरा कागद चिकटवायचा. परीक्षक दोन, साहेब आणि भिमाजी. भिमाजी का, तर तो नगरकडचा ख्रिस्ती, चर्चची गाणी ऐकत वाढलेला. दोघांनी पास म्हटलं तर तबकडी साहेबांच्या काचेच्या कपाटात जायची. एकानं जरी नापास म्हटलं, तर साहेबांच्या पत्नी सुमनताई आतून कढत पाण्याचं घमेलं आणायच्या. तबकडी पाण्यात मऊ पडली की साहेब ती पालथ्या पातेल्यावर दाबायचे, तिची खोलगट थाळी करायचे आणि ज्यानं आणली त्याच्याच हातात ठेवायचे. लोक टाळ्या पिटायचे. दुसऱ्याच्या हौसेची थाळी होताना बघायला माणसांना भारी आवडतं.

आता भिमाजीच्या कानाची गंमत सांगते. तो कान नव्हताच मुळी, डोळा होता. गाणं नावडलं की साहेब चष्मा काढून पुसायचे. चष्मा उतरला की भिमाजी मान हलवून ‘नापास’ म्हणायचा, आणि साहेब म्हणायचे, “वा! अगदी माझ्या मनातलं बोललात!”

खरं गाणं होतं ते त्याच्या बायकोकडं, अंबुबाईकडं. लग्नाआधी नगरच्या मिशनात एका मडमेनं मुलींना असलंच एक लॅटिन भजन शिकवलं होतं. मुंबईहून माणसं आली आणि ते तबकडीवर उतरवून गेली. मध्ये सगळ्या मुली थांबतात आणि एकटी अंबू गाते. पुढं तिच्या गळ्यात गाठ झाली. ती कापून काढली, जीव वाचला, पण आवाज गेला. आता ती घोगरं बोलायची, तेही शेजारच्याला कसंबसं ऐकू येईल इतकं. ती तबकडी तिनं लुगड्याच्या घडीत जपून ठेवली होती. दुसरी प्रत कुठंच उरली नव्हती.

भिमाजीनं एक दिवस धोशा लावला. “अंबू, ती तबकडी साहेबांना देऊ. जर्मन लोकांच्या मांडीला मांडी लावून बसेल तुझा आवाज! इथं पत्र्याच्या पेटीत तिचं काय होणार?”

“नगं. माझं तेवढंच हाय.”

“अगं, नापास होईल होय? परीक्षक कोण आहे?”

अंबुबाईनं पेटी उघडून लुगड्याच्या घडीतून तबकडी काढली. “तुमी हायसा तितं,” ती म्हणाली. “मग न्या.”

रविवारी दिवाणखाना भरला होता. बायका दाराजवळ सतरंजीवर बसल्या होत्या, त्यात अंबुबाई. ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती बिचारी. साहेबांनी तबकडी लावली. खरखर झाली, मग मुलींचे आवाज उठले, एकात एक मिसळत गेले आणि एकदम थांबले. मग एकटा आवाज वर चढला. अंबुबाईचे ओठ त्याच्याबरोबर हलायला लागले. डोळ्यांना धारा लागल्या होत्या, पण तिला पुसायचं भान नव्हतं. इतक्या वर्षांनी ती चारचौघांत गात होती.

आणि साहेबांनी चष्मा काढला.

साहेब चष्मा पुसत होते, खाली बघत पुसतच होते. तबकडी संपली.

“बोला, भिमाजी. आज आधी तुम्ही.”

भिमाजीनं दाराकडं बघितलंच नाही. मेल्यानं एकदा बघितलं असतं तर! पण त्याला दिसत होता तो साहेबांच्या हातातला चष्मा, आणि आपल्या बुडाखालची खुर्ची.

“नापास, साहेब,” तो म्हणाला. एवढ्यावर थांबावं की नाही? पण परीक्षक पडला ना! “बाकीच्या मुली ठीक आहेत. ती एकटी गाणारी बाई मात्र... आवाज चिरका आहे. उगाच पुढंपुढं करते.”

कुणीतरी फिदीफिदी हसलं. साहेबांनी मान वर केली. त्यांचे डोळे लाल झाले होते.

“डोळे भरून आले म्हणून चष्मा काढला होता, भिमाजी,” ते म्हणाले. “असा आवाज मी जर्मनीतही ऐकला नाही. मी पास करणार होतो.”

साहेबांची नजर फिरत फिरत दाराशी गेली. अंबुबाईचा भिजलेला चेहरा त्यांना दिसला, आणि हा माणूस हुशार, त्याला सगळं उमगलं. त्याच्या तोंडावर हळूहळू हसू आलं. दुखावलेल्या माणसापेक्षा फजीत झालेला माणूस बघायला त्याला जास्त मजा वाटत असावी.

“नियम म्हणजे नियम. पण एखाद्या वेळी मोडूही,” ते म्हणाले. “ही बाई कोण, तुम्हाला माहीत आहे का? ओळखीची असेल तर सांगा, तबकडी आत्ता कपाटात ठेवतो.”

एक शब्द! एका शब्दाचं काम होतं. पण तो शब्द म्हणजे सगळ्या कॉलनीपुढं कबुली, की भिमाजीला घरच्या बायकोच्या आवाजाचीही पारख नाही. उद्या गोदामात पोरंसोरं हसतील. पुढच्या रविवारी खुर्ची दुसऱ्याची.

“नाही, साहेब,” भिमाजी म्हणाला. “जुन्या बाजारात मिळाली. कोण असेल ती, देव जाणे.”

सुमनताई घमेलं घेऊन आल्या. तेव्हा अंबुबाई उठली. तिनं तबकडी स्वतः उचलली, पदरानं पुसली आणि स्वतःच्या हातानं कढत पाण्यात सोडली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. साहेबांनी थाळी केली आणि रिवाजाप्रमाणे भिमाजीच्या हातात दिली.

त्या रात्रीपासून अंबुबाई त्याला त्याच थाळीत वाढते. मधल्या भोकावर भाकरी, बाजूला चाकणचा कांदा, काठाशी मीठ. कोरा कागद पाण्यात सुटून गेला होता, त्यामुळे भाकरी अर्धी झाली की खालचं छापलेलं अंबूचं नाव दिसायला लागतं. भिमाजी ते दिसू नये म्हणून अर्धी भाकरी ठेवूनच उठायचा. चार दिवस अर्धपोटी राहिला आणि पाचव्या दिवशी म्हणाला, “अंबू, पाया पडतो तुझ्या. ही थाळी टाकून देऊ.”

“का?” त्या घोगऱ्या आवाजात ती म्हणाली. “समद्यांम्होरं निकाल तुमीच दिला न्हवं? आता जेवा.”

आणि त्याची भाकरी संपेपर्यंत ती समोर बसून राहिली.