मॉर्टिमर घराण्याचा अल्प इतिहास

माणूस भेटला की आधी त्याचं आडनाव विचारायचं आणि मग गाव, ही माझी जुनी खोड. नैना आठ वर्षांची होती तेव्हापासून वैतागते. "बाबा, यू कान्ट आस्क पीपल दॅट!" मी ऐकत नाही. आम्ही मोरशेतकर. मला न्यू जर्सीत येऊन तीस वर्षं झाली, मोरशेतात आता आमचं छप्परही उरलेलं नाही, पण आडनाव सांगितलं की गाव आपोआप सांगून होतं. आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त मीच संपादित केलाय. सहाशे पानं, अकरा पिढ्या. बँकेतली नोकरी सांभाळून चार वर्षं त्यात खपलो. आयुष्यात मिरवावं असं मी तेवढंच एक केलं.

गेल्या वर्षी नैनानं रूबेन मॉर्टिमरशी लग्न करायचं ठरवलं. रूबेन पुलांची तपासणी करणारा इंजिनिअर. शांत, हसरा, माझ्या बायकोच्या हातची भरली वांगी मागून मागून खाणारा. आणि काळा. हे मी वेगळं वाक्य करून लिहिलं, यातच माझं सगळं आलं. तोंडानं मी "वा, छान" म्हणालो, पण मनातून घाबरलो. भीती रूबेनची नव्हती, पुण्याची होती.

पुण्याची म्हणजे माझ्या चुलतभावाची, अवधूतदादाची. कुलवृत्तान्ताची दुसरी आवृत्ती तो काढतोय. त्याचा मेसेज आला, 'जावयाची नोंद पाठव. पूर्ण नाव, मूळ गाव, घराणं.' आणि त्याखाली, 'घराणं कुठलं म्हणायचं रे?' पुढे एक हसणारा पिवळा चेहरा. त्या चेहऱ्याचा मला असा राग आला की फोन सोफ्यावर आपटला. आणि मग, कबूल करतो, त्याच फोनवर मी 'मॉर्टिमर' शोधायला बसलो.

काय सापडलं म्हणून सांगू! नॉर्मंडीत मोर्तमेर नावाचं गाव आहे. त्याचा अर्थ मेलेलं पाणी, म्हणजे साचलेलं तळं. तिथला सरदार तो मोर्तमेर, त्याचं इंग्लंडात झालं मॉर्टिमर. म्हणजे आमच्यासारखंच, गावावरून आडनाव! अकराव्या शतकातल्या एका लढाईनंतर त्यांच्या रॉजेरनं शत्रुपक्षाच्या सरदाराला आसरा देऊन सुखरूप वाटेला लावलं. तो त्याचा सासरा होता असं म्हणतात. त्यापायी नॉर्मंडीच्या ड्यूक विल्यमनं त्याची गढी काढून घेतली. पुढे विल्यमनं इंग्लंड जिंकलं, मॉर्टिमरांना वेल्सच्या सीमेवर किल्ले मिळाले, आणि पुढच्या पिढ्यांत थेट इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगण्यापर्यंत मजल गेली. मी हरखून गेलो. तिथून व्हर्जिनियातल्या रूबेनच्या घरापर्यंतची मधली काही शतकं मी 'पुढे वंशविस्तार होऊन एक शाखा अमेरिकेत आली' या एका वाक्यात उरकली. कुलवृत्तान्त लिहिणाऱ्यांना असली वाक्यं सवयीची असतात.

बारा पानांची पुस्तिका केली. एका बाजूला मराठी, एका बाजूला इंग्रजी, मुखपृष्ठावर निळी-पिवळी ढाल. माझी बायको सुवर्णा म्हणाली, "अरे, आधी नैनाला तरी दाखव." मी म्हटलं, "सरप्राइज आहे. तू मध्ये पडू नकोस."

रविवारी दुपारी नैनाच्या जर्सी सिटीतल्या अपार्टमेंटमध्ये जेवायला जमलो. एकतिसावा मजला, खाली नदी, पलीकडे मॅनहॅटन. रूबेनची आई, लोरेनबाई, व्हर्जिनियाहून आल्या होत्या. वाचनालयात नोकरी करून रिटायर झालेल्या, उंच, चष्मा साखळीला लावलेला. जेवणं होत आली तशी मी पुस्तिका काढली आणि दोन्ही हातांनी त्यांना दिली. चार वाक्यं बोललोही. म्हटलं, आमच्याकडे सोयरीक जुळली की घराण्याची ओळख करून घेतात, मी तुमची करून घेतली.

त्यांनी चष्मा चढवला आणि वाचायला लागल्या. मला वाटलं चार पानं चाळतील. त्यांनी अख्खी वाचली. रूबेननं चमचा ताटात ठेवून दिला. नैनाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, आणि तेव्हा कुठे मला कळायला लागलं की आपण काहीतरी भयंकर केलंय.

"मेहनत केलीत तुम्ही," लोरेनबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "पण हे आमचे कुणी नाहीत, मिस्टर मोरशेतकर. हे आमच्या मालकाचे."

मग त्यांनी सांगितलं. १८६०च्या खानेसुमारीत व्हर्जिनियातल्या एका मॉर्टिमर नावाच्या शेतमालकाखाली एक यादी आहे. गुलामांची. त्यात नावं नाहीत. पुरुष, वय चाळीस, काळा. मुलगा, वय बारा, काळा. दहा वर्षांनी, गुलामी संपल्यावरच्या खानेसुमारीत तो मुलगा पहिल्यांदा नावानिशी सापडतो. मोझेस मॉर्टिमर, वय बावीस. लोरेनबाईंच्या नवऱ्याचा पणजोबा.

"सुटल्यावर दुसरं नाव घेता आलं असतं की," मी म्हणालो. माझं तोंड अजून चालूच होतं.

"आलं असतं. बऱ्याच लोकांनी घेतलं. पण मोझेसची आई तो लहान असतानाच आणखी दूर दक्षिणेत विकली गेली होती. ती कधी सुटून त्याला शोधत आली, तर काय नाव घेऊन विचारणार? तिला हेच नाव माहीत. म्हणून त्यानं ठेवलं."

"मग आली?" सुवर्णानं विचारलं.

"नाही."

नैना उठली आणि मला म्हणाली, "बाबा, किचनमध्ये ये जरा."

किचनमध्ये तिनं नळ सोडला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. "हे तू कोणासाठी केलंस? डोन्ट लाय टू मी."

"लोरेनबाईंसाठी."

"मग अर्धं मराठीत का आहे?"

मी ततपप करायला लागलो. मग अवधूतदादाचं सांगून टाकलं, नोंदीचं, मेसेजचं, सगळं.

"म्हणजे रूबेन जसा आहे तसा त्यांना चालणार नाही, म्हणून तू त्याला सरदार करून टाकलास? तुलाच चालत नाहीये तो, बाबा. त्यांचं नाव नको सांगूस." तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "तुला लाज वाटत असेल तर लग्नाला येऊ नकोस. आय मीन इट. मी आईबरोबर उभी राहीन."

एकुलती एक मुलगी. ती असं बोलू शकते हे मला ठाऊकच नव्हतं. लाज तर वाटत होतीच, पण भीती त्याहून मोठी होती. मी म्हणालो, "चुकलं माझं. नोंद बदलतो. मोझेसचं लिहितो, जसंच्या तसं. दादाला आवडो न आवडो."

"आणि यापुढे काही कव्हर अप करायचं नाही. नाव चांगलं दिसावं म्हणून तर मुळीच नाही. प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

बाहेर येऊन मी सगळ्यांसमोर लोरेनबाईंची माफी मागितली. मनापासून मागितली, तेवढं तरी माझ्या पदरात टाका. त्यांनी मान हलवली, पुस्तिका बंद करून बाजूला ठेवली. रूबेन म्हणाला, "इट्स ओके, काका," आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला. वातावरण जरा सैल झालं. लोरेनबाईंनी माझ्या कुलवृत्तान्ताबद्दल विचारलं. किती पिढ्या, कागद कुठून मिळवले, कोणी वाचून दिले. पुस्तकांत रमणारं माणूस. मीही खुलून सांगत गेलो.

"आणि तुमच्या त्या सहाशे पानांत," त्या सहज म्हणाल्या, "तुमच्या घरातही अशी माणसं होती का? विकत घेतलेली?"

"छे," मी म्हणालो. "आमच्याकडे तसलं काही नव्हतं."

होतं. पेशवाईच्या अखेरीची, घरातल्या वाटणीची एक मोडी यादी आमच्या दप्तरात निघाली होती. गाई, म्हशी, तांब्याची भांडी आणि त्यांच्याखाली 'कुणबिणी दोन'. कुणबीण म्हणजे विकत घेतलेली दासी. गोदी, आणि तिची मुलगी मैनी, वय नऊ. नावांपुढे ना आडनाव, ना गाव. शेवटी एक ओळ, की मैनी घरच्या लेकीबरोबर तिच्या सासरी आंदण दिली. गोदी मागे राहिली. मोडी वाचून देणाऱ्या विनीताबाईंनी ती ओळ पेन्सिलीनं अधोरेखित करून मला पाठवली होती. प्रुफं तपासताना त्या दोघींची नावं मीच काढली. समासात लिहिलं, 'आपल्या वंशातली नावे नाहीत.' खरं कारण मी तिथेही लिहिलं नाही.

नैनाचे खांदे सैल पडलेले मला दिसले. दुपारपासून ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. आता तोंड उघडलं असतं तर ते हसू गेलं असतं, आणि लग्नही. मी पाणी प्यायलो.

"नशीबवान आहात," लोरेनबाई म्हणाल्या. "मी वीस वर्षं शोधतेय, मोझेसच्या आईचं नाव काही सापडत नाही. पण यादी करणाऱ्याला ते माहीत असणारच हो. रोज हाक मारत असेल तिला. एक शब्द लिहायचा होता फक्त." त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही असलं काम केलंय, तुम्हाला कळेल. माणूस असं नाव का गाळत असेल?"

"काय सांगणार," मी म्हणालो.

टेबलाखालून नैनानं माझा हात हातात घेतला. "थँक यू, बाबा," ती हळूच म्हणाली. "आज खरं बोललास म्हणून."

मी हात सोडवून घेतला नाही.