सांधेबाबांची पथ्यं

"डोळ्यांतून पाणी आलं ना? तीच देवीची कृपा," सांधेबाबा म्हणाले आणि कैनाडच्या वडाखाली जमलेली शंभर माणसं डोळे पुसू लागली. माझेही डोळे चुरचुरत होते. पण कृपेला असला उग्र वास का यावा, हे मला कळेना.

बाबांनी मोडक्या कोयत्याचे दोन तुकडे जुळवले होते. त्यावर चिमूटभर विभूती, वर इवल्याशा बाटलीतलं तीर्थ. फस्सकन धूर निघाला आणि कोयता अखंड झाला. "हात लावा, देवीची धग आहे." खरंच गरम होता.

"लोखंड सांधतं, मग हाड का सांधू नये?"

हे ऐकून माझ्या ओळखीची रूपी पुढे सरकली. तिचा नवरा हाल्या ताडावरून पडला होता. नडगी मोडलेली. डहाणूच्या डॉक्टरांनी सोमवारी ऑपरेशन करून सळई घालायचं ठरवलं होतं. कच्चं प्लास्टर घातलेला हाल्या तिथेच बाजेवर पडून होता.

"काढ ते प्लास्टर, माय," बाबा म्हणाले. रूपी पट्टी सोडू लागली.

मी चिंचणीत दागिन्यांचे डाय, म्हणजे लोखंडी ठसे, कापतो; लोखंडाशी रोजची गाठ. संशयी म्हणून घरीही बदनाम आहे. बाबांच्या चष्म्याची काडी तांब्याच्या तारेने बांधलेली मी मघाशीच हेरली होती.

"थांब रूपी. बाबा, पथ्य काय?" मी नम्रपणे विचारलं.

"नऊ दिवस पाणी नको, विस्तव नको, झटका नको."

ही पथ्यं तर माझ्या खिशात होती. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची ट्यूब काढून मी मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली. पाण्यापासून, आचेपासून, धक्क्यापासून जपा. देवीने फारसे शब्दही बदलले नव्हते.

हिराबाईंच्या भजीच्या गाडीवरून मी मोडका चमचा आणि चिमूटभर सोडा आणला. तुकडे जुळवले, सोडा टाकला, वर गोंदाचे दोन थेंब. तोच धूर, तीच धग. शंभर माणसं पुन्हा डोळे पुसू लागली.

"आता माझ्या अंगात आलंय म्हणायचं का?"

मग बाबांचा कोयता दगडावर आडवा आपटला, फार जोरात नाही. दोन तुकडे झाले.

"तुझी श्रद्धा कमी पडली," बाबा गुरकावले.

"गोंद चुकला, बाबा. हा लगेच धरतो, पण ठिसूळ असतो. बांगडीचा खडा बसवायला ठीक. कपाटाची मूठ जोडायची तर दोन ट्यूबांचं एपॉक्सी घ्यावं, आधी गंज घासावा, तेल पुसावं, मग दिवसभर बांधून ठेवावं. कोयत्याला तेही पुरत नाही, तिथे वेल्डिंगच हवं. लोखंडालाही जागा बघून उपाय लागतो, रूपी. हाड तर जिवंत आहे."

रूपी बाबांकडे टक लावून बघत होती.

"बाबा, तुझा चष्मा तारेनं का बांधला रे?"

बाबांनी चष्मा काढून कफनीत घातला. रूपीने सुटलेली पट्टी पुन्हा नीट गुंडाळली. "सोमवारी पहिल्या गाडीनं जायचं," ती हाल्याला म्हणाली.

लोकहो, हात जोडण्याआधी प्रश्न विचारा. आणि बाबा स्वतःसाठी काय वापरतो, तेही बघून घ्या.